माझ्या नावावरचा खेळ

आमच्या दुकानात माणसे काय काय घेऊन येत, हे आठवू लागलो की पहिल्यांदा एक गोधडी डोळ्यांसमोर येते. निरवांगीच्या एसटीतून उतरलेले आबा, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, छातीशी धरलेली ती गोधडी, आणि गोधडीच्या आत त्यांच्या मुलाचा, विलासचा सीपीयू. खड्ड्यांनी आतले काही निखळू नये म्हणून सारा रस्ता ते त्याला मांडीवर घेऊन बसत. एकदा भवानीनगरला चढलेल्या एका बाईने त्यांना खिडकीची जागा दिली आणि हळूच विचारले, "किती महिन्यांचं हाय?" आबांनी ही हकीकत दुकानात सांगितली तेव्हा सगळे हसले. मीही हसलो. "मग काय म्हणालात?" असे कुणी तरी विचारले. आबा म्हणाले, "म्हनलं, दोन वर्साचं हाय, पन अजून बोलत न्हाय."

आठवणी लिहिणारी माणसे बहुधा लहानपणापासून सुरुवात करतात. मी त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा होतो, म्हणजे लहान म्हणावे असे माझ्यात काही उरले नव्हते. पण माझे लग्न झाले नव्हते, मी वडिलांच्या ताटाला ताट लावून जेवत होतो, आणि कोणत्याही चुकीचा पूर्ण भार आजवर माझ्यावर पडला नव्हता. मोठे होणे ज्याला म्हणतात ते माझ्या बाबतीत उशिरा घडले, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. म्हणून तेवढाच काळ लिहून ठेवावा असे वाटते.

बारामतीत स्टँडच्या मागच्या गल्लीत आमची एकच लांबट जागा होती. पुढच्या भागात अब्बा कुलपे दुरुस्त करीत आणि किल्ल्या घासून देत. मागे प्लायवूडच्या पडद्याआड माझे सहा संगणक होते. त्यामुळे माझ्या तारुण्याचा आवाज विचारला तर तो दुहेरी आहे: पलीकडे पितळेवर चालणारी कानस, अलीकडे पंख्यांची घरघर आणि पोरांच्या बोटांखाली कडकडणारे कीबोर्ड. दुपारी अम्मा डबा पाठवी. बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, शुक्रवारी खिमा. अब्बांनी हात धुतल्यावरही भाकरीला पितळेचा वास लागे, आणि मला तो वास आजही भुकेचाच वाटतो. अब्बांचा धंद्यातला एक नियम होता. किल्ली घासून झाली की नमुना आणि नवी, दोन्ही गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायच्या, आणि बिघडलेली तिसरी असेल तर त्याच्या देखत हातोडीने वाकवायची. "दुसऱ्याच्या घराची किल्ली खिशात घालून हिंडायचं न्हाय," ते म्हणत. "चोरी केली न्हाय तरी आपन त्या दारात उभं ऱ्हातो." मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकले होते की ते मला ऐकू येईनासे झाले होते.

विलास माझा कॉलेजातला सोबती. पुढे त्याला भवानीनगरला नोकरी लागली, तो मोटारसायकलवरून येजा करू लागला, आणि एका संध्याकाळी मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. जिवावरचे टळले, पण कमरेखालचे सारे गेले. हात शाबूत राहिले. निरवांगीच्या घरात आतल्या खोलीत, खिडकीजवळ त्याची खाट टाकली गेली. त्या खाटेला आडवी फळी ठोकून आम्ही संगणक बसवला. तो त्याला मीच जुळवून दिला होता.

त्याला खेळांचे वेड आधी नव्हते. पुण्याला तपासणीला गेला असताना एका मोठ्या दुकानात त्याने एक बॉक्स पाहिला आणि हट्टाने विकत घेतला. एकट्याने खेळायचा खेळ होता तो. त्यात शत्रू नव्हते, गोळीबार नव्हता. एक माणूस डोंगराळ मुलुखातून आपल्या गावाकडे चालत निघालेला असतो, एवढेच. वाटेत ओसाड वाड्या लागतात, नद्या लागतात, थंडी लागते. त्या खेळाचे खरे काम आवाजात होते. मातीवर पाऊल वेगळे वाजे, मुरमावर वेगळे, वाळल्या पाल्यावर वेगळे, पाण्यात वेगळे. विलास दिवसभर त्या माणसाला चालवीत असे. स्वयंपाकघर आणि ती खोली यांत एकच भिंत होती. मी रविवारी कधी गेलो तर काकी, म्हणजे विलासची आई, चुलीपुढे बसलेल्या असत, ज्वारीची भाकरी परातीत थापताना मधेच हात थांबवीत आणि कान देत. "आज लांब गेलाय," त्या म्हणत. किंवा, "पान्यात उतरला जनू." एकदा मला त्या म्हणाल्या, "तुमाला हसू यील, पन पाय वाजाय लागलं का मला बरं वाटतं. घरात पोरगं हिंडतंय असं वाटतं." मला हसू आले नव्हते. मी ताटातल्या खर्ड्याकडे पाहत राहिलो होतो.

आता अडचण सांगतो. खेळ बॉक्समधल्या डीव्हीडीवर होता, पण डीव्हीडी घालून तो सुरू होत नसे. आधी नेटवर जायचे, खेळ विकणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या दारात आपले खाते उघडायचे, बॉक्समधल्या चिठ्ठीवरचा लांबलचक कोड त्या खात्याला जोडायचा. मग दार उघडणार. एकदा जोडलेला कोड दुसऱ्या खात्यावर कधीही जात नसे. पुढे नेटशिवाय खेळायची सवलत होती, पण ती तीन-चार आठवड्यांनी आपोआप संपे आणि यंत्र पुन्हा ओळख विचारी. निरवांगीत तेव्हा नेट नव्हते. म्हणून आबांच्या मांडीवरचा तो प्रवास.

पहिल्यांदा सीपीयू आला तेव्हा दुकानात गर्दी होती. विलासचा ईमेल नव्हता. तो काढायला, त्याला फोन करून विचारायला, दहा-पंधरा मिनिटे लागली असती. मी आबांना म्हणालो, "आबा, सध्या माझ्या नावावर काढतो. चालेल ना?"

"चालंल की," आबा म्हणाले. "आमचा ऊस न्हाय का चुलत्याच्या नावावर जात? नाव कुनाचं बी असू दे, रस आपल्याच उसाचा निघतो."

आमच्या भागात हे असेच चाले. साखर कारखान्याचा सभासद एक, ऊस दुसऱ्याचा. वीज एकाच्या नावावर, मोटार दुसऱ्याची. आणि कुणाचे कधी अडले नाही, कारण ज्याच्या नावावर ते असे तो माणूस पारावर रोज भेटत असे. ज्या दाराशी माणूसच नाही, तिथे नाव हेच सर्व काही असते, हे आबांना कळण्याचे कारण नव्हते. मला होते. पलीकडे अब्बांची कानस चालू होती, आणि मी माझे नाव टाइप केले.

दुकानातल्या पोरांत या विषयावर कायम वाद चाले. त्यांत मंगेश नावाचा कॉलेजातला मुलगा सर्वांत बोलका. त्याला हे दारावरचे पहारे मुळीच पसंत नव्हते. "दहा जनांशी खेळायचं आसंल तर नेट मागा, मी न्हाय म्हनत न्हाय," तो म्हणे. "पन मी एकटा, खेळ एकट्याचा, पैसं मोजून घेतलेला. मग ह्यो मधी कोन उभा? हीर माझी, मोटार माझी, पानी माझं, आन बटन दाबाय रोज बारामतीला ये म्हनं."

दुसरा एक जण म्हणायचा, "तुमीच कॉप्या वाटता म्हणून आलंय ते."

"आरं येड्या, कॉपी करनाऱ्याला कुटं नेट लागतंय? त्याचं तर दार तोडूनच येतं. अडलाय कोन? ज्यानं खरा बॉक्स घेतला त्यो. निरवांगीचं पाव्हनं बघ, दर म्हैन्याला लेकरू घेऊन येत्यात."

मी या वादात कंपनीच्या बाजूने बोलत असे. डीव्हीडीला चरा पडला तरी खेळ बुडत नाही, खाते असले की कुठेही उतरवून घेता येतो, असे मी शांतपणे समजावीत असे. माझे मुद्दे खोटे नव्हते. पण खरे कारण वेगळे होते: ज्यांच्या घरी नेट नव्हते त्या सगळ्यांना माझ्या दुकानात यावे लागे. दाराशी कुणी उभा असेल तर तो थोडासा मीही होतो.

विलासचा खेळ पोरांना पाहायचा होता. आबांच्या गोधडीमुळे त्याची कीर्ती झाली होती. खाते माझ्या नावावर होते, पासवर्ड मला पाठ होता. एका रविवारी मी तो दुकानातल्या एका संगणकावर उतरवला. पुढच्या रविवारी सहाही संगणकांवर. तासाचे पैसे मी नेहमीप्रमाणे घेतले. मी स्वतः तो कधी खेळलो नाही. गल्ल्याशी बसून सहा माणसांची पावले एकदम वाजताना ऐकत असे, आणि तो आवाज मला, खरे सांगायचे तर, धंद्याचा वाटे. अब्बा एकदा पडदा सारून आत डोकावले. "कुनाचा हाय ह्यो खेळ?" त्यांनी विचारले. "विलासचा," मी म्हणालो. "त्याला ठाव हाय?" मी म्हणालो, "त्याला काय कमी पडतंय त्यानं?" अब्बांनी पडदा परत सरळ केला, नीट, दोन्ही टोके जुळवून.

दिवाळीनंतर खाते बंद झाले. एकाच खात्यावर इतकी यंत्रे चाललेली पाहून कंपनीने ते गोठवले होते. त्यात अन्याय काही नव्हता. मी मोडक्या इंग्रजीत पत्र लिहिले, आणि चार दिवसांत उत्तर आले: खेळ आपलाच असल्याचे दाखवायचे तर बॉक्समधल्या कोडच्या चिठ्ठीवर हाताने आजची तारीख लिहा आणि तिचा फोटो पाठवा. बस, एवढेच. ती चिठ्ठी निरवांगीला, विलासच्या घरी, बॉक्समध्ये होती.

ती मागायला मला काय झाले होते? या एका प्रश्नापाशी मी इतकी वर्षे बसून आहे. चिठ्ठी मागितली असती तर विलासने विचारले असते, कशाला? मग सांगावे लागले असते की खेळ तुझ्या नावावर कधी नव्हताच, आणि जो माझ्या नावावर होता तो मी भाड्याने दिला. तो रागावला नसता. त्याने कदाचित शिवी देऊन हसून सोडले असते. मला त्याच्या रागाची नव्हे, त्याच्या त्या हसण्याची लाज वाटत होती. मी ठरवले की काही दिवसांनी कंपनी आपणच उघडेल. मग दोन आठवड्यांनी आबा गोधडी घेऊन आले.

मी सीपीयू जोडला, ओळख विचारणारी चौकट आली, मी पासवर्ड घातला, नकार आला. स्क्रीन आबांना दिसू नये अशी वळवलेली होती. "कंपनीचंच बंद आहे, आबा," मी म्हणालो. "तिकडूनच काही तरी आहे. होईल चार दिवसांत."

"मग हितं ठिवू का?"

"नको. त्याला सांगा, रोज एकदा लावून बघ. लागलं तर लागेल."

निरवांगीत, नेटशिवाय, ते कधीच लागणार नव्हते. हे मला ठाऊक होते. आबा गोधडीच्या गाठी बांधू लागले तेव्हा मी उठून त्यांना मदत केली.

ते पुन्हा आले. आणि पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला मंगेश तिथे होता. तो आबांसमोरच म्हणाला, "आबा, मी धा मिन्टात तोडून देतो. कंपनी गेली उडत." मला सुटका दिसली. मी म्हणालो, विलासला विचारा. पुढच्या खेपेला आबांनी त्याचा निरोप आणला, शब्दाला शब्द: "ईलास म्हनतोय, मी विकत घेतलंय. माझीच वस्तू मी चोरून का वापरू? सादिकला म्हनावं, तुझ्या कंपनीला दम दे." आणि मग आपले म्हणून पुढे बोलले, "लेका, तूच काय तरी कर. घर लई गप झालंय."

मी निरवांगीला जाणे टाळू लागलो. लग्नसराई, दुकानाचे काम, पोटदुखी. एकदाच गेलो, उन्हाळ्याच्या तोंडावर. विलास वाळला होता. पाठीला जखमा झाल्या होत्या आणि खोलीत औषधाचा वास होता. तो म्हणाला, "त्यो मानूस नदीच्या अल्याड हुबा हाय बघ. पूल मोडलाय. मला वाटतं वरच्या अंगानं वाट आसंल. रोज इचार करतो, डावीकडनं जावं का उजवीकडनं." मी म्हणालो, "डावीकडून जा." खेळाबद्दल मला काहीही माहीत नव्हते. तो हसला. "तू कवा खेळलास? गप बस." काकींनी त्या दिवशी मेथीची भाजी आणि दही वाढले. भाकरी थापताना त्यांचा हात एकदाही थांबला नाही. थांबण्यासारखे पलीकडे काही वाजत नव्हते.

मे महिन्यात जखमांतून ताप अंगात गेला. बारामतीला दवाखान्यात आणले तेव्हा फार उशीर झाला होता. मी तिथे होतो, रक्त दिले, धावपळ केली. त्या तीन दिवसांतली माझी धावपळ लोकांनी पाहिली आणि वाखाणली.

दहाव्याला गेलो. ओसरीवर बायका बसल्या होत्या. काकी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमी लई केलं त्याच्यासाठी. शेवटपत्तूर तुमच्यावर भरवसा. सकाळी उठला का पयलं म्हनायचा, आये, मिशीन लाव, सादिकनं सांगितलंय, आज लागंल. मी बटन दाबायची. लागायचं न्हाय. मग म्हनायचा, ऱ्हाऊ दे, उद्या." मी ते ऐकून घेतले. 'तुम्ही खूप केलंत' हे वाक्यही ऐकून घेतले, आणि मान खाली घातली. ती मान त्यांना दुःखाची वाटली. निघताना आबांनी सीपीयू गोधडीत बांधून हातात दिला आणि वर तो बॉक्स ठेवला. "तुलाच ऱ्हाऊ दे, लेका. आमाला काय कळतंय त्यातलं."

दुकानात येऊन बॉक्स उघडला. चिठ्ठी आत होती, कोरी करकरीत. मी तिच्यावर तारीख लिहिली, फोटो काढला, पाठवला. तिसऱ्या दिवशी खाते उघडले. सीपीयू जोडला तशी यंत्राने आपली राहिलेली नोंद वर पोचवली, आणि खेळाच्या नावाखाली, माझ्या नावापुढे, ओळ उमटली: सहाशे अकरा तास खेळला. मी एक तासही खेळलो नव्हतो. दुकानातल्या पोरांचे त्यात किती असतील ते असोत. बाकीचे सारे विलासचे पाय होते. ते त्याच्या नावावर करून द्यावेत असे मी कंपनीला लिहिले. उत्तर आले की तसा नियम नाही.

पडद्यापलीकडून अब्बांनी विचारले, "लागलं?" मी म्हणालो, "हो." कानस खाली ठेवून ते म्हणाले, "मग जाऊन ये." कुठे, ते त्यांनी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी निरवांगीच्या एसटीत मी मांडीवर गोधडी घेऊन बसलो. तेव्हा समजले की सीपीयू तासभर मांडीवर ठेवला की पाय बधिर होतात, आणि आबांनी हे एकदाही बोलून दाखवले नव्हते. घरी कुणी नव्हते, दोघेच. विलासची खाट उभी करून भिंतीला लावली होती. मी फळीवर यंत्र जोडले. तो माणूस नदीच्या अलीकडे उभा होता, मोडक्या पुलापाशी, जिथे विलासने त्याला सोडले होते. मी बटण दाबून धरले. मुरमावर पावले वाजली.

पलीकडे परातीवरचा हात थांबला. काकी दारात आल्या, पिठाचे हात तसेच. आबाही ओसरीवरून आत आले. काही वेळ दोघे नुसते ऐकत उभे राहिले. मग काकींनी विचारले, अगदी साध्या आवाजात, "आता कसं लागलं? तवा का लागत नव्हतं?"

मी सांगितले. काहीही न वगळता सांगितले: नाव कुणाचे घातले ते, सहा संगणक, रविवारचे पैसे, बंद झालेले खाते, मागवलेला फोटो, आणि न मागितलेली चिठ्ठी. रोज लावून बघ हे खोटे होते, हेही सांगितले. बोटाखालचे बटण मी कधी सोडले ते मला कळले नाही. खोलीत आवाज उरला नव्हता. काकी वळून चुलीकडे गेल्या. थोड्या वेळाने भाकरी भाजल्याचा वास आला, आणि त्यांनी ताट आणून माझ्यापुढे ठेवले, माझ्याकडे न पाहता.

आबा भिंतीला लावलेल्या खाटेकडे पाहत होते. मग त्यांनी यंत्राचे भिंतीवरचे बटण स्वतः बंद केले.

"कागुद मागायचा हुता, सादिकराव," ते म्हणाले. "उशाशीच तर हुता त्याच्या."

त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी राव लावले नव्हते. त्यानंतर भेटले तेव्हा दर वेळी लावले.